जावयाचा नंबर

बाईंनी एकवीस वर्षं एकच काम केलं. पुरुषांचे शुक्राणू मोजले. काचेवर थेंब, डोळा सूक्ष्मदर्शकाला, बोटाखाली टिकटिक करणारं मोजयंत्र. दोनशे झाले की दुसरा थेंब. मान आखडायची. घरी भाजी निवडतानाही डोळ्यांपुढे शेपट्या वळवळायच्या. एवढ्या वर्षांत पुरुषांसाठीची चार गर्भनिरोधक औषधं आली आणि बारगळली. त्यातलं एक तर पुरुषांची चिडचिड वाढते म्हणून बंद पडलं. बाई तेव्हा फणकारल्या, "आम्ही गोळ्या घेऊन वीस वर्षं चिडचिडलो, तेव्हा कुणाला दया आली नाही!"

पाचवं औषध म्हणजे खांद्याला रोज चोळायचं मलम. त्याच्या चाचणीत नाव नोंदवायला नेमके बाईंचे जावई उभे राहिले. दोन मुलं झाली होती आणि गोळ्यांनी लेकीचं डोकं ठणकायचं. त्यात चौतिसाव्या वर्षी तिला बस चालवण्याच्या प्रशिक्षणात जागा मिळाली होती. गरोदर बाईला तिथे स्टिअरिंगवर बसवत नसत, आणि ही बॅच हुकली की वयाची अट आड येणार होती. एवढी एकच संधी होती.

बाईंनी प्रयोगशाळेच्या साहेबांना नातं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "तुमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांवर नुसते नंबर असतात. त्यांचा कोणता, हे तुम्हाला कळणार नाही. घरी मात्र यातलं अवाक्षर काढायचं नाही."

बाईंनी ते अक्षरशः पाळलं. प्रयोगशाळेत सगळे हसायचे, सासूबाईंच्या नजरेतून जावई सुटायचा नाही म्हणायचे. बाईंना मात्र हसायचंही त्राण नव्हतं. जेवायला जावई समोर बसले की त्या ताटातून मान वर करायच्या नाहीत. कुठल्या काचेवर गर्दी दिसली की त्या पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. हा त्यांचा तर नसेल? लेक विचारायची, "काय म्हणतंय काम?" बाई म्हणायच्या, "चाललंय." आणि विषय बदलायच्या.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी लेक आली. चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"आई, दोन रेघा आल्या."

बाईंनी विचारलं, "दवाखान्याचं पत्र आलं होतं? मलम लागू पडलंय, आता बाकीची साधनं सोडा म्हणून?"

"नाही. हे म्हणत होते, पत्र येईपर्यंत थांबू. मीच ऐकलं नाही. म्हटलं, आई रोज तिथे मोजतेय. काही बिघडलं असतं तर ती गप्प बसली असती का?"

"अगं, मला नंबर माहीत नसतो," बाई म्हणाल्या. "त्यांचा कुठला, ते मला आजवर कळलेलं नाही. कुणाचाच कळत नाही."

लेकीने आता कुठे चप्पल काढली. सोमवारी तिची बॅच पहिल्यांदा रस्त्यावर उतरणार होती. रागावायचीही शक्ती तिच्यात उरलेली दिसत नव्हती.

"मग एवढं तरी सांगायचंस ना, आई," ती म्हणाली. "की तुला माहीत नाही."