काटा वर जाऊ द्यायचा नाही

त्या दिवशी आम्ही आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडापर्यंत गेलो होतो. गडावर चढलो नाही, बायकोचे गुडघे चढू देत नव्हते. पायथ्याशी सावलीत गाडी लावली. तिनं थर्मास काढला, डब्यातले फोडणीचे मुरमुरे काढले, आणि गाडीचं दार उघडं ठेवून आम्ही तिथंच खाल्लं. तिनं आधी गडावरच्या महादेवाकडे हात जोडले, मग तिथल्याच दर्ग्याकडे जोडले, मग बोनेटला हात लावून पाहिला. "तापलं हाये. थंडं होऊ द्या, तोवर मी अजून एक कप पिते," म्हणाली. परतताना डांबराचा एक नवा सरळ तुकडा लागतो. दोन्हीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, रस्त्यावर माणूस नाही की ढोर नाही. मी विचारलं, "दाबू का आज?" ती समोर पाहत म्हणाली, "राहू द्या. कच्चं हाये अजून." घरी आलो. तिनं डबा धुतला आणि अंगणात लाखोरीची डाळ निवडायला बसली. मी गाडी पुसून आत गेलो, पाणी पिऊन बाहेर आलो तर ती भिंतीला टेकलेली. सूप मांडीवरच होतं, सांडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. बंद पडलं म्हणजे पडलं.

तिचं नाव कौसल्या. हे नाव मी तोंडानं फार घेतलं नाही. मी "अवं" म्हणायचो, ती "अजी" म्हणायची, तेवढ्यावर काम भागलं. मी चौथी शिकलो, ट्रकवर क्लीनर लागलो, मग ड्रायव्हर झालो, आणि गोंदियाच्या राइस मिलांचा तांदूळ भरून सारा मुलूख फिरलो. घर तिनं चालवलं, पोरगा तिनं वाढवला, रोवणी-कापणी तिनं पाहिली. मी घरी यायचो तो पाहुण्यासारखा, दोन रात्री झोपून पुन्हा स्टेअरिंगवर. माणूस मेल्यावर लोक त्याचा देव करतात. ती देवी नव्हती. तोंडाची फटकळ होती, भाजीत मीठ जास्त टाकायची, आणि एकदा रुसली की अख्खा पंधरवडा बोलायची नाही. माझ्या ट्रकात ती कधी बसली नाही. मी कधी बस म्हटलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही. ते काम होतं, त्यात बायको कोण नेतं?

आमचा मुलगा महेश हैदराबादेत नोकरीला आहे, सूनही तिकडेच. त्याला लहानपणापासून गाड्यांचं वेड. मागचा पावसाळा सरला तेव्हा त्यानं एक गाडी घेतली आणि शोरूममधून थेट आमच्या दारात आणून उभी केली. निळी, ठेंगणी, मागं दोन सायलेन्सर, टर्बोचं पेट्रोल इंजिन. चालू केली की अंगणातल्या कोंबड्या पळायच्या. केशोरीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात असली गाडी कोणी पाहिली नव्हती. महेश म्हणाला, "बाबा, हैदराबादेत जाम लागते. तठी गाडी रांगत राह्यते, इंजिन नीट बसत नाही. अन् माया पाय जड हाये, मले धीर नाही. तुमी चालवून ठेवा. इंजिन बसलं का मी घेऊन जाईन."

कौसल्या म्हणाली, "मंग तोवर आमी का तुये ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर बाबा. तू मालकीन."

मालकीण बसायला गेली ती धप्पकन खाली गेली. त्या गाडीची सीट खोल असते. "खड्ड्यात पडल्यासारकी वाटते बापा," म्हणाली, आणि मग तिला उठताच येईना. मी हाताला धरून ओढून काढली. शेजारपाजारचे सगळे पाहत होते. लग्नात हात धरला होता, त्यानंतर चारचौघांत हा दुसऱ्यांदा.

आता नव्या इंजिनाचं सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या पोरानं अशी गाडी घेतली असेल तर कामी पडेल. लोक शोरूममधून गाडी काढतात, हायवेला लावतात, पिळून काढतात आणि दोस्ताला व्हिडिओ पाठवतात. पुढं गाडी ऑइल प्यायला लागली की कंपनीला शिव्या देतात. पिस्टनच्या रिंगा नव्या असतात, सिलेंडरची भिंत नवी असते, दोन्हीला बारीक खरखर असते. ती एकमेकीला घासून बसली पाहिजे. म्हणून इंजिन किती फिरून राहिलं ते दाखवणारा काटा साडेतीन हजाराच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे महेशनं सांगितलं होतं. पण फार जपूनही भागत नाही. नुसती रांगवत ठेवली तर रिंगांवर दाब येत नाही, भिंत गुळगुळीत होते आणि रिंग कायमची बसायची राहते. म्हणून वेग वाढवायचा, मग पाय उचलायचा, इंजिनालाच गाडी धरू द्यायची, पुन्हा वाढवायचा. एका चालीनं लांब जायचं नाही. चढावर मोठ्या गिअरात इंजिन रडवायचं नाही. थंड असताना पिळायचं नाही. ब्रेक नवे असतात, टायर नवे असतात, त्यांनाही धक्का द्यायचा नाही. ट्रकाचं इंजिन बोर करून, आतून नवं घासून आणलं की पहिल्या खेपांना आम्ही अर्धाच माल भरायचो. गोष्ट तीच आहे, फक्त ही गाडी दिसायला नटवी.

म्हणजे असल्या पळणाऱ्या गाडीला सुरुवातीला हायवे कामाचाच नाही. तिला वळणाचे, चढ-उताराचे, गावागावांतून जाणारे रस्ते लागतात. ते आमच्याकडे रग्गड आहेत. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मी एकटाच जाऊन येतो. कौसल्या पदर खोचून उभी. "काऊन? गाडी पोराची हाये, तुमची नाही." बसली. बसली तर काही काम तरी कर म्हणून मी तिला काट्यावर बसवलं. म्हटलं, हा काटा पाह्य, साडेतीनच्या वर जाऊन राहिला का सांग. तेव्हापासून ती "काटा!" म्हणायची आणि मी पाय उचलायचो. मी बोलण्यात गुंग असो, ती खिडकीतून कोणाच्या बांधीत धान कसं झालं ते पाहत असो, तिचा "काटा!" कधी उशिरा आला नाही. मला वाटायचं, बाईची नजर मोठी चलाख आहे.

आमच्या गावच्या तोंडाशी मोठा गतिरोधक आहे. ती गाडीत असली की गाडीचं पोट घासायचं. ती उतरायची, मी गाडी पलीकडे न्यायचो, ती चालत येऊन पुन्हा बसायची. जाताना एकदा, येताना एकदा. "एकट्या माह्याच वजनानं घासते का? तुमचं वजन नाही का?" हे ती रोज विचारायची. दूध नेणारा रामू मोपेडवर आम्हाला मागं टाकून जायचा आणि ओरडायचा, "काका, मी होतो पुढं, तुमी या सावकाश!" ही खिडकीतून मुंडकं काढून म्हणायची, "जाय बापा! तुया इंजिनचं झालं-गेलं, आमचं आत्ता सुरू हाये!"

तिचं माहेर केशोरीच्या पलीकडे. तिच्याकडचे लोक पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणारे. रस्त्यात तलाव दिसला की त्याची पाळ कोणी घातली, पाणी कोणत्या गावाला जातं, सलंग म्हणजे जादा पाण्याची वाट कुठं फुटते, ती सांगत राहायची. मी त्याच रस्त्यांनी जन्मभर ट्रक नेला. मला धाबे माहीत होते, तलाव एक माहीत नव्हता. एकदा तिरोड्यापर्यंत गेलो तर वीज कारखान्याच्या चिमण्या पाहून म्हणाली, "एवढा मोठा चुला, अन् भात कोठी हाये?" मी हसलो. ट्रकात मी एकटाच हसायचो, क्लीनर झोपलेला असायचा...

महेशचा दर रविवारी फोन. "झालं का, बाबा?" मी काही म्हणायच्या आधी ती फोन ओढून घ्यायची. "कच्चं हाये अजून. कायले घाई करून राहिला?"

मग गोंदियाला पहिलं ऑइल बदलायला नेली. ती सोबत होती. मेकॅनिकनं जुनं ऑइल काढलं, गाडी चालवून आणली, बोनेट आपटलं आणि म्हणाला, "चाचा, इंजन मस्त बैठ गया है. अब खींचो जितना खींचना है." मी बरं म्हटलं. तिनंही ऐकलं, माझ्या बाजूलाच उभी होती. येताना आमगावचा फाटा गेला, गोरेगाव गेलं, ती काही बोलली नाही आणि मीही बोललो नाही. रस्ता मोकळा होता. काटा वर चढायला लागला तशी ती म्हणाली, "काटा!" मी पाय उचलला. रविवारी महेशचा फोन आला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी खाटेवर पडल्या पडल्या वरती छपराच्या कवेलूकडे पाहिलं. ती म्हणाली, "कच्चं हाये अजून."

मी काही दुधखुळा नाही. जन्म इंजिनावर काढला. त्या दिवसापासून गाडी न्यायची काही गरज नव्हती, एक फोन केला असता तर पोरगा येऊन घेऊन गेला असता. पण दुसऱ्या सकाळी ती थर्मास भरून दारात उभी होती आणि मी चावी घेतली. पुढं किती सकाळी गेल्या ते मी मोजलं नाही. प्रतापगडाहून येताना मी "दाबू का?" विचारलं ते एवढ्याचसाठी, की तिच्या मनातून झालं असेल तर कळावं. तिच्या मनातून झालेलं नव्हतं. माझ्याही नव्हतं.

ती गेली त्या रात्री महेश आला. सकाळी अग्नी दिला. माणसं पुष्कळ आली, तिच्या माहेरची तर ट्रॅक्टर भरून आली. मी रडलो नाही, लोकांनी त्याचीही चर्चा केली. गाडी महेश तेरवी झाल्यावर घेऊन गेला. गेली ते बरं झालं, दारात उभी राहून तिला गंज चढला असता. तिकडे आता सीट मागं सरकवली असेल. सरकवावीच लागेल, सुनेचे पाय लांब आहेत.

अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला उठलो आणि गाडीवरची ताडपत्री काढली. अंगणात पाहुणे होते. तिचा भाऊ म्हणाला, "भाऊजी, सुतकात कोठी चाल्ले?" मी म्हटलं, "गाडी फिरवाले." महेश अनवाणीच मागून आला. मी ड्रायव्हरच्या दाराला हात घातला... आणि मग काय झालं मला सांगता येत नाही, मी वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलो. चावी त्याच्याकडे फेकली. म्हटलं, "तू चालव. इंजिन बसलं हाये."

तो म्हणाला, "मले माहीत हाये बाबा. सर्विसचा मेसेज मायाच मोबाइलवर येते."

"मंग दर रविवारी काऊन विचारत होता?"

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला.

मी तिच्या सीटवर धप्पकन खाली गेलो. सीट तिच्या मापानं पुढं ओढलेली होती, माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले. गतिरोधक आला तसा मी उतरलो, चालत पलीकडे गेलो, पुन्हा बसलो. महेशनं हात दिला. केशोरीच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी सवयीनं काट्याकडे पाहिलं आणि काटा दिसेना. मान लांबवली, वाकलो, तरी दिसेना. तिथं बसलेल्या माणसाला काटा स्टेअरिंगच्या आड जातो, आणि ती तर माझ्याहून टीचभर ठेंगणी. एवढे दिवस तिला काटा एकदाही दिसला नव्हता. ती आवाजावर सांगत होती, का माझ्या पायाकडे पाहून, का आणखी कशावर... आता कोणाला विचारू?

पुढं सरळ रस्ता आला. महेश म्हणाला, "दाबू, बाबा?"

मी म्हटलं, "दाब."

त्यानं दाबलं. पाठ सीटला चिकटली, मागचे दोन्ही सायलेन्सर गरजले, बांध्या सपासप मागं जायला लागल्या. गाडी खरंच चांगली पळते. मी डोळे मिटले. इंजिनाचा आवाज चढत चढत एका जागी आला आणि माझ्या तोंडातून निघालं, "काटा!"

महेशनं पाय उचलला.