दिवेलागणीची सभा

आमच्या घरातले पुरुष ही गोष्ट एका दमात आटोपतात. खापरपणजोबा सुमेरमलशेठ मारवाडातून नंदुरबारला आले, मिठाचं दुकान टाकलं, राणीच्या राज्यात म्युनिसिपालिटीत निवडून आले. झालं! मी फाल्गुनी, या घरची सून. मी सगळी सांगते.

शेठ काही संत नव्हते. सातपुड्यातली माणसं डोक्यावर डिंक, चारोळी घेऊन बाजाराला यायची, मीठ शेठकडून न्यायची आणि चौकातल्या विहिरीचं पाणी पिऊन डोंगराची वाट धरायची. एका बाजाराला बघतात तर विहिरीला कुलूप. म्हणे, ही माणसं पाणी घाण करतात. तहानलेलं गिऱ्हाईक परत जाताना बघून शेठचं डोकंच फिरलं.

कुलपाचा ठराव झाला होता दिवे लागल्यावर. आम्ही जैन सूर्य मावळल्यावर जेवत नाही, म्हणून चारही जैन मेंबर त्याआधी घर गाठायचे. अध्यक्ष वकीलसाहेब नेमके तेव्हाच नको ते ठराव काढायचे. आमच्या ताटावर राजकारण! मला आजही चीड येते.

पुढच्या सभेला शेठ उठलेच नाहीत. वकीलसाहेबांनी जेवणाची आठवण करून दिली, तर म्हणाले, आज उपास आहे. त्यापुढच्या सभेलाही उपास. कुलूप काढायचा ठराव ते दर वेळी मांडायचे आणि एकटे पडायचे, कारण बाकीचे तिघे घरी पानावर बसलेले. बाजारात थट्टा सुरू झाली, 'शेठ खुर्चीच खाई ऱ्हायना.' शेठ म्हणायचे, हो, खुर्चीच खातोय, आणि सोडणार नाही.

त्यांच्या बायकोनं, लहरीबाईंनी, हे सगळं ऐकलं. एका सभेच्या दिवशी त्या पदर सावरत तिन्ही मेंबरांच्या बायकांना भेटून आल्या आणि काय ठरलं ते शेठच्या कानावर घातलं. संध्याकाळी तिघे नेहमीसारखे उठले, तेव्हा शेठ जागेवरूनच म्हणाले, "बसा. आज तुमच्यापैकी कोणाच्याही घरी चूल पेटलेली नाही."

तिघे परत बसले. दिवे लागले, चौघांची मतं एका बाजूला पडली, कुलूप निघालं.

घरी येऊन शेठनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, उपास कामी आले. मग सहज विचारलं, तू वेळेत जेवलीस ना?

"तुमच्या प्रत्येक सभेला मीही उपाशीच होते," लहरीबाई म्हणाल्या. "तुम्ही आज पहिल्यांदा विचारलंत."

त्या चौकाला आज सुमेरमलशेठचं नाव आहे. यंदा पालिकेला मी उभी आहे, आणि माझ्या पत्रकावर सगळ्यात वर लहरीबाईंचं नाव छापलंय. घरचे पुरुष रागावलेत. रागावू देत.