वाघमारे मॅडमनी अडवलेला आकडा

वाघमारे मॅडमना मी पहिल्यांदा भेटलो तो सव्वा तास उशिरा. चाकणला एका कारखान्याच्या पुरवठा विभागात नोकरी आणि वर पीएच.डी.चा हट्ट, म्हणून त्यांच्या महाविद्यालयात गेलो होतो. "चाकणहून इथे यायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारले. "काही सांगता येत नाही, मॅडम." "मग निम्मा विषय तुम्हाला येतोच." त्या थट्टा करत होत्या की नव्हत्या, हे आज त्यांच्या साठीनिमित्त लिहितानाही मला ठरवता येत नाही.

त्यांचा विषय फझी ग्राफ, म्हणजे नक्की सांगता न येणाऱ्या गोष्टींच्या जाळ्याचे गणित. कारखाने म्हणजे बिंदू, त्यांना जोडणारी वाहतूक म्हणजे रेषा आणि प्रत्येकाला शून्य ते एकमधला भरवशाचा आकडा. रेषेचा भरवसा तिच्या कमकुवत टोकापेक्षा जास्त असू शकत नाही, हा नियम मला पाठ होता. कळला होता असे म्हणवत नाही. मॅडमचे वडील चाकणच्याच कारखान्यांच्या पट्ट्यात कामगार होते. म्हणूनच की काय, खुर्चीत बसून आकडा द्यायचा नाही, काम करणाऱ्याला विचारायचा, असा त्यांचा दंडक होता.

माझ्या प्रबंधात पुनावळ्याचे एक छोटे वर्कशॉप सर्वांत कच्चे निघाले. आमच्या कारखान्यातल्या साहेबांनी आकड्यांचा तो तक्ता पाहिला आणि वर्कशॉपचे काम काढून घ्यायचे जवळजवळ ठरलेच. मॅडमनी मात्र मार्गदर्शक म्हणून प्रबंधावर सही केली नाही.

"हा आकडा कोणी सांगितला?"

"त्यांचा माल उशिरा येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, मॅडम."

"सगळे म्हणजे कोण?"

मी चिडलो. काही वर्षांची मेहनत एका आकड्यापायी अडली होती. तसाच पुनावळ्याला गेलो. वर्कशॉपचे मालक बाळासाहेबांनी आधी चहा दिला, मग म्हणाले, "आमी येळेवरच सोडतो, राव. गाडी तुमच्या गेटवर उभी ऱ्हाती. चार-चार तास आत घेत न्हाईत, अन् लेटचा शिक्का आमच्यावर."

दोन दिवस मी आमच्याच गेटवर उभा राहिलो. खरे होते. नोंद गाडी आल्याची नव्हे, आत घेतल्याची व्हायची. आणि आमच्या कंपनीच्या बिंदूला मी कोणालाही न विचारता पैकीच्या पैकी देऊन बसलो होतो, घरचा म्हणून.

आता खरे लिहावे तर नोकरी जाणार, न लिहावे तर बाळासाहेबांचे काम. सगळे मॅडमना जाऊन सांगितले. मॅडमनी आपल्या डब्यातली भाकरी पुढे केली. "कंपनीचे नाव गाळा. खरा आकडा गाळू नका," एवढेच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्या स्वतः आमच्या साहेबांना भेटायला आल्या. आत काय बोलल्या, मला आजवर कळलेले नाही. विचारले तर हसतात. वर्कशॉपचे काम राहिले, माझी नोकरीही राहिली. वॉचमनकडून एवढे मात्र समजले, की त्या दिवशी मॅडमनाही गेटवर दीड तास थांबवले होते आणि त्या कुरकुर न करता गाड्यांच्या रांगेत ड्रायव्हर लोकांशी बोलत उभ्या होत्या.

मॅडमना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, आणि त्यांना पुन्हा कुठल्याच गेटवर ताटकळावे लागू नये, आमच्या तर नाहीच.