पूर्वेच्या फाटकावरचा संघपाल

संघपाल आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा हात धुण्याआधी त्यानं बाल्कनीचं दार उघडून पाहिलं. वाकून खालची उंची पाहिली. मग स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "ताई, तळघरातून मागच्या अंगणात निघता येतं का?" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "अरे बाबा, आत्ताच आलास ना? पळून जायचा बेत आहे की काय?" तो हसला नाही. "आत कुठून आलो ते सगळ्यांनाच माहीत असतंय," म्हणाला. "बाहेर कुठून पडायचं ते कुणी बघून ठेवत नाही." एवढं बोलून शहाण्यासारखा टेबलाशी बसला आणि वाटीमागून वाटी आमटी प्यायला.

पुढे आमच्या इथल्या, जर्मनीतल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला मीच त्याला घेऊन गेले. शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. स्टेजवर गाणं रंगात आलेलं, आणि हा पठ्ठ्या मागच्या दारासमोर रचलेल्या खुर्च्या खर्रकन ओढतोय! अध्यक्ष धावत गेले. तर म्हणतो, "तुमचं चालू द्या साहेब, मी नुसतं दार मोकळं करायलोय." माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण हो हा? कुठला?" त्या 'कुठला'चा अर्थ मला कळतो. त्यालाही कळला असावा, कारण दार मोकळं झाल्यावर तो चिवड्याची बशी घेऊन त्या बाईंच्याच शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "जय भीम ताई. मी परभणीकडचा." बाई जरा खाकरल्या. मला मात्र त्या दिवसापासून हा मुलगा आवडायला लागला.

तो सिव्हिल इंजिनिअर. आमच्या गावातल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होता, आणि विषय काय, तर मैदानावर मॅच बघायला येणाऱ्यांना किती सुरक्षित वाटतं! मला आधी हसूच आलं. जर्मनीत विद्यापीठांच्या खेळांना एरवी कुत्रंही विचारत नाही. पण आमचं गाव त्याला अपवाद. कोलोनपासून तासाभरावर आहे. नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. शेजारच्या गावाच्या विद्यापीठाशी इथली फुटबॉलची खुन्नस जुनी आहे. मॅचला अख्खं गाव लोटतं, आणि त्यात आमची मीराही. मीरा म्हणजे माझी लेक. तिथेच शिकते. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते.

मॅचच्या दिवशी संघपाल मुख्य फाटकाबाहेर टॅब्लेट घेऊन उभा राहायचा. "तुम्हाला इथे किती सुरक्षित वाटतं?" लोक खूश असायचे. बॅगा तपासतात, खिसे चाचपतात, पिवळ्या जॅकेटातले ऑर्डनर, म्हणजे बंदोबस्ताची माणसं, जागोजागी उभे असतात. "झेअर झिशर!" अगदी सुरक्षित! मग तो स्वतःच्या पदरचा एक प्रश्न घालायचा. "काही झालं तर बाहेर कुठून जाल?" लोक आले त्या दिशेला बोट दाखवायचे. मीरानंही तेच केलं. "आणि सगळेच तिथून गेले तर?" असं त्यानं विचारल्यावर कन्येनं खांदे उडवले. संध्याकाळी आमच्याकडे येऊन त्यानं टॅब्लेट टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाला, "बॅग तपासली की लोकांला बरं वाटतंय ताई. बॅगेनं कुणी मरत नाही हो. माणसं माणसांखाली मरतात."

हे तो कुठे शिकला, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. एका रविवारी दुपारी आम्ही ठेच्यासाठी लसूण सोलत बसलो होतो आणि काही न विचारता तो बोलायला लागला. कॉलेजात असताना तो कबड्डी खेळायचा. आंतरमहाविद्यालयीन फायनल होती. मैदानाभोवती कनात, बसायला फळ्या बांधून केलेली गॅलरी. धाकटा भाऊ अमोल भावाचा खेळ बघायला आला होता. "बंदोबस्त लई कडक होता ताई. पोलीस होते, पास होते. फुकटे घुसतात म्हणून मागची कनात सुतळीनं शिवून टाकली होती. माईकवरनं सांगत होते, आजचा बंदोबस्त बघा म्हणून." गॅलरी मोडली. मोडली त्यानं कुणी दगावलं नाही, पण सगळे पुढच्या एकाच तोंडाकडे पळाले, ते तुंबलं आणि लोंढा मागच्या कनातीवर उलटला. "मी चढाईला होतो. कबड्डी, कबड्डी म्हणत होतो. मला वाटलं, लोक माझ्यासाठी ओरडायलेत. मी दम सोडला नाही." अमोल मागच्या कनातीपाशी सापडला. त्याच्या नखांत सुतळीचे धागे होते. हे सांगताना संघपालचे हात लसूण सोलत होते, आणि मला समोरचं काही दिसेनासं झालं होतं.

आता फाटकाचं सांगते, कारण त्याचं सगळं आयुष्य पुढे त्या फाटकाशी येऊन अडलं. आमच्या मैदानाला दोन वाटा. मुख्य फाटक पश्चिमेला, तिथे गॅलरीखालच्या अरुंद बोगद्यातून जावं लागतं. दुसरं पूर्वेला, विद्यार्थ्यांच्या गॅलरीमागे, नदीकाठच्या गवतात उघडणारं. त्या बाजूनं पोरं फटाके घेऊन घुसतात म्हणून मॅचच्या दिवशी त्याला कुलूप. नियम असा की किल्ली घेऊन एक माणूस सबंध वेळ तिथे उभा पाहिजे. कागदावर एकदम चोख! प्रत्यक्षात मुख्य फाटकावर रांग वाढली की त्याच माणसाला तिकडे बॅगा तपासायला बोलवायचे. कुलूप इकडे आणि किल्ली मैदानाच्या त्या टोकाला, कुणाच्या तरी खिशात. हे संघपालनं मॅचमागून मॅच पाहिलं आणि आपल्या अहवालात लिहिलं. विद्यापीठानं त्या सगळ्या अहवालातून एकच गोष्ट उचलली: मुख्य फाटकावरच्या तपासणीमुळे प्रेक्षकांना फार सुरक्षित वाटतं. आणि ठरवलं, की तिथे आणखी माणसं द्यायची. कुठून देणार? पूर्वेचा माणूस रांग लागायच्या आधीच तिकडे जाऊ लागला.

हे कळलं त्या दिवशी तो आमच्या दारात उभा होता, तो चेहरा मी विसरणार नाही. "ताई, ते कुलूप माझ्याच हातानं लागलं," म्हणाला. आत येईना, बसेना.

मग सुरू झाला मेलांचा सिलसिला. माझं जर्मन बरं म्हणून मजकूर मी लिहून द्यायचे. विद्यापीठाचं क्रीडा खातं म्हणालं, हे कंत्राटदार कंपनीचं काम. कंपनी म्हणाली, आम्ही मंजूर आराखड्याप्रमाणे माणसं देतो. आराखडा मंजूर करणारे म्हणाले, त्यात तर किल्लीवाला माणूस आहेच की! त्सुश्टेंडिश, म्हणजे जबाबदार, कुणीच नाही. उत्तरं मात्र इतकी सभ्य, की वाचून कपाळावर हात मारावा. त्याच्या प्राध्यापकांनी तर कमाल केली. "हेर वाघमारे," म्हणजे श्रीयुत वाघमारे, असं संघपालला अदबीनं म्हणाले, "आपला विषय सुरक्षित वाटणं हा आहे. सुरक्षित असणं हा दुसऱ्या विभागाचा." मी तिथे असते तर त्यांची शेंडी उपटली असती. करार संपत आला होता, त्याची मुदत वाढवणं प्राध्यापकांच्या हातात, आणि करारावर व्हिसा. मी समजावलं, "संघपाल, आधी पीएच.डी. पदरात पाडून घे. मग भांड." तर म्हणाला, "मॅच आधी आहे, ताई."

आणि त्यानं काय करावं? त्या कंपनीत जाऊन ऑर्डनरची सुट्टीच्या दिवसाची नोकरी धरली. पिवळं जॅकेट चढवलं आणि म्हणाला, "मला पूर्वेचं फाटक द्या. दुसरं काही नको." थंडीवाऱ्यात कुणाला नको असलेली जागा, त्यांनी आनंदानं दिली. मंडळात कुजबुज झाली, डॉक्टर व्हायला आलेला वॉचमन झाला म्हणून. होऊ दे! रांग वाढली की वॉकीटॉकीवर हाक यायची आणि हा दरवेळी काहीतरी सांगून तिथेच टिकायचा. कधी पाय मुरगळलाय, कधी आवाज ऐकू येत नाही. घरी येऊन माझ्यापाशी कबुली द्यायचा, "खोटं बोलू नये, असं शील घेतलंय मी. रोज मोडायलोय."

जूनमधल्या त्या मोठ्या सामन्याला मी डबा घेऊन गेले होते, फाटकाच्या बाहेरच्या बाजूला, कारण तो जागा सोडून जेवायला जायचा नाही. गजांतून डबा देत होते तेवढ्यात त्याचा प्रमुख तणतणत आला. मुख्य फाटकावर गर्दी तुंबलीय, आत्ताच्या आत्ता चल. संघपाल म्हणाला, "नाही." कारण नाही, सबब नाही. नुसतं नाही. प्रमुखानं तिथल्या तिथे त्याला काढून टाकलं, जॅकेट घेतलं, वॉकीटॉकी घेतला, आणि तिकडून आरडाओरडा आला तसा पळत गेला. किल्ली संघपालच्या मुठीत राहिली. मी गजांतून ती मूठ धरून ठेवली.

मॅच सुरू झाली तेव्हाच आभाळ अंधारून आलं होतं. मग गारा पडायला लागल्या, साध्यासुध्या नाहीत, लिंबाएवढ्या. लोक डोक्यावर हात धरून उठले आणि आलो तिथून बाहेर, या हिशेबानं सगळे बोगद्याकडे धावले. संघपालनं कुलूप काढून फाटक सताड उघडलं. पण इकडे कुणी बघेल तर शपथ! तो जर्मनमध्ये ओरडला, इंग्रजीत ओरडला. गारांच्या आवाजात काही ऐकू जाईना. बोगद्याच्या तोंडाशी माणसं चेपायला लागली होती. मला गॅलरीच्या कडेनं पलीकडचं दिसत होतं, आणि त्यात कुठेतरी माझी पोर होती. मग तो मराठीत ओरडायला लागला. "इकडं या! अरे इकडं या रे! मागं फिरा!" मीही सुरू झाले, "मीरा! ए मीरा, मागे फीर!" घसा फुटेस्तोवर.

मीरा अजून गर्दीच्या शेपटीलाच होती, तिनं ऐकलं. त्या हजार लोकांत दुसऱ्या कुणाला न कळणारी भाषा तिला कळली. ती वळली, शेजारच्या मुलीचा हात ओढला, त्या मुलीनं आणखी कुणाचा, आणि बघता बघता अख्खी गॅलरी आमच्या बाजूला वळली. माणसं आमच्या अंगावरून गवतात सांडत होती. संघपाल फाटकाचं दार पाठीनं रेटून उभा होता आणि एकेकाला म्हणत होता, "हळू, हळू, वाट मोठी आहे." रडत होता. मीरा बाहेर आली तेव्हा मी तिला पाठीत एक धपाटा घातला आणि मग छातीशी धरलं.

काही झालं नाही. कुणाचा गुडघा फुटला, कुणाचा चष्मा. काही झालं नाही, म्हणून पुढे सगळं झालं. कंपनीनं तक्रार केली, कामावरून काढलेल्या माणसानं किल्ली ठेवून घेतली. विद्यापीठानं खुलासा मागवला. प्रेक्षकांची पुन्हा पाहणी झाली, ती आता दुसऱ्या विद्यार्थ्याकडे होती. लोकांनी सांगितलं, की मागचं फाटक उघडं होतं, तिथे जॅकेटवालाही कुणी नव्हता, कुणीही आत आलं असतं, त्यामुळे आम्हाला असुरक्षित वाटलं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा संघपाल हसला. त्याला मोठ्यानं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला भीती वाटली.

कराराची मुदत वाढली नाही. मी प्राध्यापकांना भेटले, चांगली भांडले. ते म्हणाले, गेनाऊ, म्हणजे अगदी खरं, तुमच्या भावना समजतात. मीरानंही मैत्रिणींना घेऊन पत्र दिलं. काही उपयोग झाला नाही. तो निघाला त्या सकाळी स्टेशनवर मी त्याला ठेच्याची बाटली दिली आणि म्हटलं, "माझी लेक तुझ्यामुळे घरी आली. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही." त्यानं ऐकलंच नाही. गाडीच्या दारात उभा राहून तो एकच विचारत होता, "पुढच्या मॅचला तिथं कोण असणार, ताई? कोण असणार?"

परभणीला गेल्यावर त्यानं एका बांधकाम कंपनीत नोकरी धरली. पण मॅचचं वेळापत्रक त्याला आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक. बरोबर मॅच सुरू व्हायच्या वेळी फोन यायचा. "ताई, फाटकावर कोण आहे?" पहिल्यांदा मी चिडलेच. म्हटलं, "मी काय तिथे पहारा देते का? सोड आता तो नाद. लग्न कर, पोटभर जेव." तो म्हणाला, "हो ताई." आणि फोन ठेवेना. त्याचा श्वास ऐकू येत राहिला.

पुढच्या मॅचला मीरा स्कार्फ गुंडाळून निघाली आणि मला घरात बसवेना. कोट चढवला आणि नदीकाठानं चालत गेले. फाटकाला कुलूप. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही. गॅलरीत ढोल वाजत होते. फोन वाजला.

"ताई, फाटकावर कोण आहे?"

"मी आहे."

 त्यानं हळूच विचारलं, "किल्ली?"

"नाही रे."

पलीकडून हुंदका आल्यासारखं वाटलं. "फोन चालू ठेवा," तो म्हणाला. मी गज धरून उभी राहिले. मॅच संपून शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.