नाचणाऱ्या राजाचा झगा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या आत्याचे आहेत. वडील जिनिंग मिलमध्ये हमाल होते आणि आमच्या खेड्यातली शाळा चौथीला संपायची. पाचवीला मी बार्शीला आत्याकडे राहायला आलो तो पदवी घेऊनच निघालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

आत्याचं ड्रेपरीचं दुकान होतं. शाळांची गॅदरिंगं आणि गणपतीतली नाटकं यांना ती राजे, राण्या, राक्षस आणि हवालदार भाड्यानं पुरवायची. मखमल, जरी, टिकल्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली बेगड एवढ्यावर ती कुणालाही सिंहासनावर बसवायची. मी शाळेतून आलो की टिकल्या लावायला बसायचो. परीक्षेच्या दिवसांत मात्र ती माझ्या हातातली सुई काढून घ्यायची. "हे काम माझं हाय. तुझं ते पुस्तक. उठ."

त्या पुस्तकांनीच मला इथवर आणलं. इतिहासात पदवी घेतली, न्यूझीलंडला येऊन ग्रंथालयाचा अभ्यासक्रम केला आणि आता अप्पर हटच्या वाचनालयात नोकरी करतो. बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. मुलीचा जन्म इथलाच. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं.

ती बॅले शिकते. गेल्या वर्षी तिच्या क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात बॅलेचा जन्म दाखवायचा ठरला आणि राजाचं काम आमच्या मुलीला मिळालं, कारण वर्गात सगळ्यात उंच उडी तिची. शेवटी सूर्य उगवतो आणि राजा झेप घेतो, अशी बाईंनी रचना केली होती. राजाचे कपडे कोण शिवेल असं त्यांनी पालकांना विचारलं, तेव्हा माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. कार्यक्रमपत्रिकेवर वेशभूषा म्हणून कुणाचं नाव हवं, तेही मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. आत्याचं.

मग मी वाचायला लागलो. मला वाटायचं बॅले म्हणजे पांढऱ्या फ्रॉकमधल्या नाजूक मुली. निघालं भलतंच. इटलीतल्या श्रीमंत घराण्यांच्या लग्नांत जेवणाच्या दोन वाढपांच्या मध्ये नाच व्हायचे. तिथली एक मुलगी फ्रान्सच्या राजघराण्यात सून म्हणून गेली आणि तिच्याबरोबर ही हौसही गेली. नाचणारे कुणी पोटार्थी नव्हते, स्वतः सरदार आणि राजे नाचायचे. बघणारे वरच्या सज्जांत बसायचे, म्हणून नाचणाऱ्यांनी जमिनीवर रांगोळीसारख्या आकृती करायच्या. चेहऱ्यावर चामड्याचे मुखवटे. बायकांची कामंही बहुधा पुरुषच करायचे. हे वाचलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं, आपल्या संगीत नाटकांत तरी दुसरं काय होत होतं? बायका रंगमंचावर उशिरा आल्या. पुढे त्यांच्यातल्या एकीनं पायांची करामत दिसावी म्हणून झगा थोडा आखूड केला, तर केवढा बोभाटा झाला!

आणि फ्रान्सचा तो राजा. मिसरूड फुटायच्या वयात तो सूर्याच्या वेशात नाचला होता. डोक्यावर किरणं, अंगभर सोनं. भोवती नाचणाऱ्या सरदारांनी आपली जागा ओळखावी, हाही त्यामागचा हेतू. पुस्तकात त्याचं चित्र होतं.

ऑप शॉपमधून, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून, मी मखमलीचे पडदे आणले. आत अस्तर, खांद्यांना कापसाचा भराव, बायकोच्या विरलेल्या साड्यांचे जरीचे काठ, पुठ्ठ्याची किरणं आणि त्यांवर बार्शीहून मागवलेली बेगड. झगा उभा राहिला तेव्हा मीच दोन पावलं मागे सरकलो. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हा राजा आहे हे सांगावं लागलं नसतं.

रंगीत तालीम पोरिरुआच्या हॉलमध्ये होती. मुलगी आत आली तशा बाकीच्या आया उठून उभ्या राहिल्या. एकजण म्हणाली, "ओ माय गॉड, धिस इज हीप्स बेटर दॅन लास्ट यिअर!" माझी छाती फुगली. मग संगीत चढलं, सूर्य उगवला, मुलीनं झेप घेतली आणि झग्याच्या घेरात पाय अडकून ती धपकन खाली बसली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बसली. हात तर खांद्याच्या वर जातच नव्हते.

बाई सत्तरीच्या असतील. त्यांनी मला बाजूला घेतलं. "इतकं सुंदर काम कापायचं पाप मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "आपण हे बाहेर फॉयरमध्ये स्टँडवर ठेवू. लोकांना जवळून बघता येईल. ती काळ्या लिओटार्डमध्ये, सरावाच्या घट्ट कपड्यांत, नाचेल."

खरं सांगतो, मला ते आवडलं. आत्याचं नाव आणि शेजारी तो अख्खा झगा! गाडीत मी शीळ घालत होतो. मागून आवाज आला.

"बाबा, बट हाऊ विल दे नो आय ॲम द किंग?"

"अगं, तू नाचशील ना सुंदर."

"एव्हरीवन इज इन ब्लॅक. आय विल जस्ट बी अ टॉल गर्ल."

घरी आल्यावर बायकोनं झगा टेबलावर पसरला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. "कळलं का काय झालंय? तू बसणारा राजा शिवलायस. तुमच्या गॅदरिंगचा राजा सिंहासनावर बसतो, 'कोण आहे रे तिकडे' ओरडतो आणि संपला. हिला उड्या मारायच्यात, महाराज!"

मी पुस्तकातलं चित्र पुन्हा काढलं. राजाचा घेर गुडघ्याच्या वरच संपत होता. खाली पांढरे मोजे आणि उघड्यावर मिरवलेल्या पोटऱ्या. चित्र मी आधीही नीट पाहिलं होतं. पण राजाचे गुडघे दिसणं मला बरं वाटलं नव्हतं, म्हणून मी आपल्या पद्धतीनं झगा घोट्यापर्यंत नेला होता. चारशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच शिंप्याची चूक मी बार्शीच्या पद्धतीनं सुधारली होती!

मुलीला टेबलासमोर उभं केलं. "कुठपर्यंत?"

तिनं मांडीवर बोट ठेवलं. "हिअर."

कात्री मखमलीतून जाताना आवाज येतो, तो ऐकवेना. जरीचा खालचा काठ तुकड्यात गेला. खांद्यांतला कापूस काढला, बगलेत चौकोनी तुकडे जोडले म्हणजे हात वर जातील. ती अंगात झगा घालून हॉलभर उड्या मारत सुटली. बायको म्हणाली, "आता शोभतो राजा. दिवा सांभाळ गं!"

कार्यक्रमानंतरच्या रविवारी मी आत्याला पत्र लिहिलं. तिला फोनवर ऐकू येत नाही.

"आत्या,

झगा कापला हे आधीच सांगतो, कारण फोटो बघून तू ते विचारणारच. अख्खा ठेवता आला असता, स्टँडवर, शोभेला. पण मग तुझी नात नुसतीच उंच मुलगी दिसली असती.

काल ती राजा होती. बाकी पोरी गोल करून खाली बसल्या, ती मधे उभी राहिली, दिवा तिच्यावर आला आणि तुझी बेगड पेटली. मग तिनं झेप घेतली. आत्या, ती किती वर गेली ते मला पत्रात सांगता येत नाही. खाली आली तेव्हा पाऊल वाजलंसुद्धा नाही. माझ्या मागे कुणाचं तरी छोटं पोर होतं, ते मोठ्यानं म्हणालं, 'तो बघ राजा.' इंग्रजीत म्हणालं, पण तेच म्हणालं.

कार्यक्रमपत्रिकेवर तुझं नाव छापलंय. सोबत पाठवतोय. बाहेर एका बाईनं मला विचारलं, ही कोण, वेलिंग्टनची का? मी म्हणालो, बार्शीची. मला तिनंच शिकवलं, शिवणंही आणि बाकीचं सगळंही. त्या बाईनं पत्रिकेची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली.

नात म्हणते, पुढच्या वेळी राक्षस व्हायचंय. उड्या मारणारा राक्षस कसा शिवायचा ते लिहून कळव."