इनास सरांचं नख

जेवण उरकून शुभदा हॉलमध्ये चटईवर आडवी होते, ती झोप आली म्हणून नव्हे, चिडून. डोळे मिटतात, छताचा पंखा हळूहळू लांब जातो, शेजारच्या वाडीतल्या पंपाचा आवाजही बोथट होतो, पण उजव्या हाताचा अंगठा काही तिला झोपू देत नाही. दुखत नाही तो. नुसता बोडका झालाय.

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये लोरेटाचा नाच आहे आणि त्याला गिटार शुभदाची आहे. फ्लॅमेंको, स्पेनकडचं. लोरेटा टाचांनी ताल देणार आणि शुभदा अंगठ्याने. तिला गिटार शिकवणारे इनास सर गेल्यानंतरचा हा पहिलाच कार्यक्रम, आणि तोही त्यांच्याच आठवणीसाठी ठेवलेला. ऐन आजच्या सकाळी शुभदाबाईंनी चिवड्याच्या डब्याचं झाकण अंगठ्याने उचकटलं आणि तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं नख ताडकन तुटलं. एरवी या घरात डबे उघडणं हे नवऱ्याचं खातं. हर्षद सगळ्यांना सांगतो, आमच्याकडे तो अंगठा नाही, संस्थान आहे. आज नेमका तो भाजी आणायला गेला होता.

मग उपाय झाले. पिंगपाँगचा चेंडू कापून त्याचा तुकडा गोंदाने नखाखाली चिकटवून झाला. सगळे गिटारवाले अडचणीत तेच करतात. पण तार अशी वाजली की पत्र्यावर कुणी चमचा आपटावा. तुकडा उपटून काढला, तसं उरलेलं नखही दातेरी झालं. लोरेटाने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चारपर्यंत सांग. नाहीतर मी रेकॉर्डिंगवर नाचते." सरांच्या कार्यक्रमात रेकॉर्डिंग. शुभदाला रडू येत होतं, पण तिने चटई अंथरली.

खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र.

कुणीतरी नख घासतंय. एकाच दिशेने, कानस उचलून पुन्हा त्याच जागी टेकवत. असं घासणारा माणूस तिच्या माहितीत एकच. ती उठते आणि आवाजाच्या मागे स्वयंपाकघरात जाते, तर तिथे ओट्याच्या जागी सलूनचे आरसे आहेत आणि उंच खुर्चीत गळ्याला पांढरा टॉवेल गुंडाळून इनास सर बसलेत. न्हावी कुठेच नाही. मांडीवर गिटार.

"ये गो," ते म्हणतात. "बस. उभ्याने बघू नकोस, तुझी सावली पडते नखावर."

"सर, तुम्ही तर गेलात."

"माहीत आहे मला. मीच होतो तिथे." ते नखावर फुंकर मारतात. "बँडमधला ट्रम्पेटवाला किती बेसूर गो. पेटीतून उठून त्याच्या हातून घ्यावा असं वाटत होतं."

शुभदाला हसू फुटतं. वर्षभर ज्या अंत्ययात्रेची आठवण निघाली की ती विषय बदलायची, तिच्यावरच ती पोट धरून हसते आहे आणि सर तिला हसू देत आहेत. त्यांची ती जुनीच सवय. तरुणपणी ते बोटीवर वादक होते. बोट दुरुस्तीसाठी स्पेनमधल्या कादिझच्या बंदरात अडकली, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या गिटारवाल्याच्या दारात रोज जाऊन बसले. बाकीचे खलाशी अत्तरं घेऊन परतले, इनास अंगठा घेऊन आला, असं वसईत अजूनही सांगतात.

"दाखव," ते म्हणतात.

ती हात पुढे करते. खुर्ची हलायला लागते, कारण ती आता एसटीतलं बाक आहे, खिडकीबाहेर केळीच्या बागा मागे पळतायत आणि दोघं शेजारीशेजारी बसलेत. सर तिचा अंगठा उजेडाकडे धरतात.

"डब्याचं झाकण ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बायकोने एकदा शेंगदाण्याचा डबा उघडायला दिला होता, त्यानंतर आठवडाभर आम्ही बोलत नव्हतो." ते अंगठा उलटसुलट करून बघतात. "पण हे नख कुणाचं आहे?"

"माझंच की."

"तुझं नाही. माझं आहे."

शुभदा गोंधळते. मग खरं ते सांगून टाकते. सरांनी शेवटचं नख घासून दिलं होतं, बाहेरच्या अंगाला लांब आणि आत उतरतं, तोच आकार तिने वर्षभर राखला होता. वाढलं की त्याच उतारावर घासायचं, वर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, रात्री खोबरेल तेलाचा थेंब चोळायचा. एवढं एकच तर सरांचं तिच्या अंगावर उरलं होतं.

इनास सर कपाळावर हात मारून घेतात. मग आपला अंगठा तिच्या अंगठ्याला लावून धरतात. त्यांचा अंगठा कोयत्यासारखा मागे वळलेला आहे, तिचा पट्टीसारखा सरळ.

"बघ आता. माझा अंगठा तारेवर आडवा झोपतो, म्हणून मला तिकडून लांब नख लागतं. तुझा उभा येतो. तुझं तेच टोक तारेत अडकणार. खालून वर येताना, उलट्या फटक्याला खरखर येते का नाही?"

"येते." हे तिने कुणालाच सांगितलेलं नाही. "मला वाटलं, माझा रियाज कमी पडतो."

"मी घासून दिलं कारण तू तेव्हा नख वेडंवाकडं घासून आली होतीस. म्हटलं, पुढचं हिचं ही बघेल. तर ही माझं नख वाढवत बसली." ते रागावलेले नाहीत, त्यांना हसू आवरत नाहीये. "तुटलं तेच बरं झालं. घे."

गिटार तिच्या मांडीवर येते. पुढे कंडक्टर तिकिटाचा पंच दांडीवर ठोकतोय, बारा मात्रांत, आणि ठोके नेमके जिथे पडायला हवेत तिथेच पडतायत. मागच्या बाकावरच्या फुलवाल्या बायका टोपल्या पायाशी ठेवून टाळ्या धरतात. त्यात एक नऊवारीतली आजी इतकी पक्की आहे की सरही मान डोलावतात.

"नखाने नाही. मांसाने," ते म्हणतात. "अंगठा उचलून मारू नकोस. मनगटापासून सगळा सोडून दे. वजनाने पडू दे तारेवर, आणि पडला की पुढच्या तारेवर टेकून थांबू दे. आधी मांस लागेल, निघता निघता नख. उलट फटक्याला उरलंय तेवढं नख पुरे."

ती सोडून देते. पहिला ठोका इतका जाड, इतका गोल येतो की तिचाच हात थबकतो. सरांचा आवाज असा नव्हता. त्यांचा धारदार होता, हा जरा खालचा आहे, खर्जातला. ती पुन्हा सोडते. पुन्हा. उलट फटका खरखरत नाही. बस समुद्रात शिरते आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही, पाणी खिडकीच्या काठाला लागून चालतं, टाळ्या वाढत जातात. शेवटचा ठोका पडतो आणि सगळी बस स्पेनकडच्या शाबासकीचं "ओले" म्हणते, आजी सगळ्यात मोठ्याने.

"तुमच्यासारखं नाही आलं," ती म्हणते.

"नाहीच आलं," सर खुशीत म्हणतात. "एवढी वर्षं शिकवल्याचं सार्थक झालं बघ."

ते उठून वरची दोरी ओढतात. घंटा वाजते. शुभदाच्या डोळ्यांत पाणी येतं, पण ते दुःखाचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

"संध्याकाळी याल ना?"

"कान असतो आमचा. लोरेटाला सांग, टाच हातचं राखून मारू नकोस. आम्हाला खालून ऐकावं लागतं." पायरीवर थांबून ते वळतात. "आणि फोन उचल गो. केव्हाची वाजवतेय ती."

फोन खरंच वाजतोय. पंखा पुन्हा जवळ आला आहे. शुभदा चटईवरून हात लांबवते, फोन कानाला लावते आणि तसाच धरून ठेवते, कारण तिची नजर अंगठ्यावर खिळली आहे. नखाच्या बाजूला मऊ मांसावर आडवा लाल वळ उमटलाय. वळात बारीक बारीक रेघा आहेत, जाड तारेला गुंडाळलेल्या वेढ्यांसारख्या अगदी जवळजवळ. गिटार कोपऱ्यात पेटीत आहे, पेटीच्या दोन्ही कड्या लावलेल्या आहेत. ती दुसऱ्या बोटाने वळ दाबून बघते. हुळहुळतो.

"शुभदा? ऐकतेयस का?" लोरेटा विचारते. "रेकॉर्डिंग लावायला सांगू?"

"नको. मी येतेय."

"आणि नखाचं काय?"

शुभदा उठून बसते आणि टेबलाचा खण ओढून नेलकटर शोधते.

"थांब," ती म्हणते, "सरांचं उरलंय ते टोक कापून टाकते."