बोटावरची शाई

मतदान केंद्रातल्या बाईंनी आज बोटाला शाई लावली. तिचा उग्र वास आला आणि मला सिंधू आठवली. आमच्या लोणी भापकरच्या उसात तोडीला आलेली, लांबच्या गावची.

"मालक, उद्या आमच्या गावाकडंबी मतदान हाय. दोन दिस जाऊन येऊ द्या," ती म्हणाली होती.

"किती दिवसांनी कारखान्याची तोड मिळालीय. तुझ्या एका मतानं काय व्हतंय?" मी सहज बोलून गेलो.

दुसऱ्या दिवशी मी मात्र इस्त्रीचा सदरा घालून माझं एक मत टाकून आलो. उसाची मोळी डोक्यावर तशीच धरून तिनं विचारलं, "टाकलं का मत, मालक?"

"व्हय," म्हणालो आणि हात खिशात घातला.

आजही केंद्रातून बाहेर पडताना हात खिशातच होता.